कच्चे मांस घरच्या फ्रिजमध्ये कसे ठेवावे

रविवारी सकाळी खाटकाकडून मटण आणायचे आणि दुपारच्या पंगतीला त्याचा रस्सा वाढायचा, या रीतीत साठवणुकीचा प्रश्न फारसा येत नसे. आता तसे राहिलेले नाही. नोकरदार घरांत आठवड्याचे चिकन एकदम आणले जाते, गटारीच्या आदल्या दिवशीच रांग टाळण्यासाठी मटण घरात येऊन पडते, आणि बकरी ईदला तर काही तासांत इतके मांस जमा होते की घरातला फ्रिज अपुरा वाटू लागतो. अशा वेळी कच्चे मांस फ्रिजमध्ये गेले म्हणजे काळजी मिटली, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात फ्रिज जंतूंना मारत नाही. तो त्यांची वाढ मंद करतो आणि आपल्याला थोडी मुदत मिळवून देतो. ती मुदत किती आहे आणि ती कशामुळे वाया जाते, हे ज्या घरात कळले आहे तिथे मांस नीट टिकते.

मांसावर वाढणारे बहुतेक घातक जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जोमाने वाढतात, आणि परिस्थिती अनुकूल असेल तर त्यांची संख्या साधारण वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. या वेगाने एका जंतूचे दोन तासांत चौसष्ट आणि चार तासांत चार हजारांवर जंतू होतात. म्हणून कच्चे मांस थंडाव्याबाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त राहू नये, असा नियम सांगितला जातो. आपल्याकडे मार्च ते जून या काळात, आणि विदर्भात तर त्याहूनही जास्त दिवस, हा एका तासाचाच नियम लागू होतो, हे लक्षात ठेवावे.

हा वेळ घरी पोहोचल्यावर सुरू होत नाही. पहाटे कापलेला बोकड दुकानात उघड्यावर टांगलेला असतो आणि आपण अकरा वाजता पोहोचतो, तेव्हा बरीचशी मुदत आधीच खर्च झालेली असते. त्यामुळे मटण सकाळी लवकर घ्यावे, आणि ते साठवायचे असेल तर लवकर घेण्याला अधिकच महत्त्व द्यावे. कोंबडी समोर कापून घेतली असेल तर वेळेचा हिशोब आपल्या हातात राहतो. बाजारातील बाकीची कामे, भाजी, किराणा, औषधे, आधी उरकावीत आणि मांस सर्वांत शेवटी घेऊन थेट घर गाठावे. घर दूर असेल तर बर्फाची पिशवी घातलेली थर्मल बॅग सोबत न्यावी. दुचाकीच्या डिकीत उन्हात तापलेल्या मांसाला नंतर फ्रिजमध्ये ठेवून काही उपयोग होत नाही.

दुकानातून मिळालेली काळी पिशवी तशीच फ्रिजमध्ये कोंबणे ही सर्वांत जास्त आढळणारी सवय आहे, आणि ती मोडायला हवी. ही पिशवी पातळ असते, तिच्या गाठीतून पाणी झिरपते, आणि ती बहुधा अन्नासाठी बनवलेल्या प्लास्टिकची नसते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले मांसही तसेच ठेवू नये, कारण छपाईची शाई अन्नात उतरते. घरी आल्यावर मांस पिशवीतून काढून घट्ट झाकणाच्या, खोल बुडाच्या स्टीलच्या डब्यात घालावे. डबा मांसापेक्षा थोडा मोठा असावा, कारण मांसाला रात्रभरात पाणी सुटते आणि ते डब्यातच राहायला हवे. हे लालसर पाणी म्हणजे रक्त असे अनेकांना वाटते. वास्तविक त्याचा रंग स्नायूंतील मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो. मात्र ते निर्धोक आहे असे समजू नये. कच्च्या मांसावर जे जंतू असतात ते सगळे त्या पाण्यातही असतात.

येथे धुण्याचा प्रश्न येतो, आणि त्यावर आपल्या घरांत ठाम मते असतात. साठवायचे मांस धुऊन ठेवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. धुतलेल्या मांसाला ओल राहते आणि ओलसर मांस लवकर चिकट होते. त्याहून मोठा धोका सिंकचा आहे. जोराच्या नळाखाली चिकन धरले की त्याचे बारीक शिंतोडे ओट्यावर, शेजारी निथळत ठेवलेल्या ताटांवर आणि कापून ठेवलेल्या कोथिंबिरीवर उडतात, आणि कॅम्पिलोबॅक्टर व साल्मोनेला हे कोंबडीवर नेहमी सापडणारे जंतू त्यांच्यासोबत पसरतात. न धुता मांस शिजवणे ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी ते शिजवण्याच्या अगदी आधी धुवावे. नळाखाली न धरता पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने धुवावे, पाणी सावकाश ओतून द्यावे, आणि लगेच सिंक, नळाची तोटी व ओटा साबणाने घासून काढावा. साठवताना मांसावर हाडांचा चुरा किंवा पिसे राहिली असतील तर ती हाताने काढून, स्वच्छ कागदी रुमालाने मांस टिपून घ्यावे. हा रुमाल पुन्हा वापरू नये.

फ्रिजमधली जागा

फ्रिजच्या आतले तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी असावे. पुष्कळ फ्रिजवर फक्त एक ते पाच किंवा एक ते सात असे आकडे असतात. ते आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत, तर थंडाव्याची पातळी आहे, आणि बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. खात्री करायची असेल तर एक साधा फ्रिज थर्मामीटर आणून पाण्याच्या पेल्यात उभा करावा, तो पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी दार उघडताक्षणी आकडा वाचावा. तो चाराच्या वर दिसला तर बटण एक घर पुढे न्यावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. दाराचे रबरही तपासावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे. पट्टी सहज निसटली तर रबर सैल झाले आहे आणि थंडावा बाहेर जात आहे.

कच्चे मांस सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे, हा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि त्यामागचे कारण योग्य आहे: वरून गळलेले पाणी खालच्या पदार्थांत पडू नये. चिकन शेवटी शिजणार असते, पण खाली ठेवलेली कोशिंबीर, ताक, सोलकढी, ओल्या खोबऱ्याची चटणी किंवा कापलेले कलिंगड शिजणार नसते. एखादा थेंब या पदार्थांत पडला तर त्यातील जंतू विस्तवाचे तोंड न पाहता थेट पोटात जातात. त्यामुळे कित्येकदा मांसाहार न करणारा माणूससुद्धा त्या घरच्या फ्रिजमुळे आजारी पडू शकतो.

परंतु आपल्याकडे अजूनही फार मोठ्या संख्येने वापरल्या जाणाऱ्या एकदारी फ्रिजमध्ये हा नियम जसाच्या तसा बसत नाही, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा वर असतो, त्याच्या लगेच खाली चिल ट्रे असतो, आणि जसजसे खाली यावे तसतसा थंडावा कमी होत जातो. म्हणजे सर्वांत खालचा, भाज्यांच्या ड्रॉवरवरचा कप्पा गळतीच्या दृष्टीने सुरक्षित असला तरी थंडीच्या दृष्टीने तो सर्वांत कमजोर असू शकतो. उलट चिल ट्रे चांगला थंड असतो, पण तो सगळ्या अन्नाच्या डोक्यावर असतो. शिवाय बर्फ वितळवण्याचे बटण दाबले की वरचे पाणी त्याच ट्रेमध्ये उतरते, आणि तिथे उघडे मांस असेल तर ते पाणी कच्च्या मांसाचे पाणी होऊन बसते. यावर माझा सल्ला असा आहे: त्याच दिवशी शिजवायचे मांस घट्ट झाकणाच्या डब्यात खालच्या कप्प्यात ठेवावे. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचे असेल तर चिल ट्रे वापरावा, मात्र डबा न गळणारा असावा, तो आडवा न ठेवता उभा बसावा, आणि त्याखालच्या कप्प्यात एकही उघडे भांडे असू नये. दुहेरी दाराच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये थंड हवा पंख्याने सगळीकडे फिरते, त्यामुळे तिथे खालच्या कप्प्याचा नियम बिनधास्त पाळावा. दारातील कप्पे मात्र कोणत्याही फ्रिजमध्ये मांसासाठी वापरू नयेत. दार उघडले की तेच आधी तापतात.

फ्रिज गच्च भरलेला असेल तर हवा खेळत नाही आणि थर्मामीटरवरचा आकडा एका कोपऱ्यापुरताच खरा ठरतो. मांस आणण्यापूर्वी जागा करून ठेवावी.

किती दिवस

४ अंशांच्या फ्रिजमध्ये कच्चे चिकन एक ते दोन दिवस ठेवावे, मटणाचे तुकडे तीन दिवसांपर्यंत ठेवता येतात, आणि खिमा, कलेजी, वजडी, गुर्दे व इतर अवयव एक ते दोन दिवसांतच वापरून टाकावेत. बाहेरच्या मार्गदर्शिकांत मटणाच्या अखंड मोठ्या तुकड्याला पाच दिवसांपर्यंतची मुदत दिलेली आढळते; ती कापल्यापासून सतत थंडाव्यात असलेल्या मांसाची मुदत आहे, तासन् तास टांगलेल्या मांसाला ती लावू नये. खिम्याला कमी दिवस का, हे समजून घेण्यासारखे आहे. अखंड तुकड्यावरचे जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि आतला भाग बराचसा स्वच्छ राहतो. खिमा करताना हा पृष्ठभाग कणाकणात मिसळला जातो, आणि यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचे जे उरलेले असते तेही त्यात येते. म्हणून खिमा शक्यतो करून आणल्याच्या दिवशीच शिजवावा. बंद पाकिटातील थंड चिकन आणले असेल तर पाकिटावरची तारीख पाळावी, आणि पाकीट एकदा उघडले की ती तारीख विसरून एक-दोन दिवसांचाच हिशोब धरावा.

हळद-मीठ चोळून ठेवले किंवा दही, लिंबू, आले-लसणाचे वाटण लावून मुरवत ठेवले म्हणजे मांस बाहेर राहिले तरी चालते, हा समज धोक्याचा आहे. घरात आपण जेवढे मीठ किंवा दही लावतो त्याने चव येते आणि मांस मऊ होते, पण जंतूंची वाढ भरवशाने थांबत नाही. मसाला लावलेले मांस फ्रिजमध्येच मुरवावे आणि त्याला वेगळी मुदत देऊ नये. आम्लामुळे ॲल्युमिनियमचे भांडे टाळावे. स्टील किंवा काच वापरावी. कच्चे मांस ज्या मसाल्यात मुरले तो उरलेला मसाला रश्श्यात घालायचा असेल तर चांगला उकळू द्यावा.

मासळीबाबत थोडक्यात सांगायचे तर कल्ले आणि पोटातली घाण काढून, टिपून, झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि एक-दोन दिवसांत संपवावी. बांगडा, तारली, कुपा या मासळीला विशेष जपावे. ती उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर अंगावर लाली, खाज आणि डोकेदुखी होते आणि माणूस ती मासळीची ॲलर्जी समजतो.

गोठवायचे असेल तर

मांस दोन दिवसांत वापरणार नाही हे दिसत असेल तर ते आणल्या दिवशीच गोठवावे. तिसऱ्या दिवशी, ‘आता राहू दे, फ्रीझरमध्ये टाकू’ म्हणून गोठवलेले मांस हे तीन दिवसांचे जुने मांस असते, कारण फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, निपचित पडून राहतात, आणि मांस वितळले की जिथे थांबले होते तिथून पुन्हा वाढू लागतात. बाजारातून आणतानाच आजचे किती आणि पुढचे किती हे ठरवून तसे दोन भाग करून घेतले तर बहुतेक घोटाळे टळतात.

दीर्घ मुदतीसाठी फ्रीझर उणे १८ अंशांवर असावा लागतो. एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा दर वेळी तेवढा थंड होतोच असे नाही. काही फ्रीझरच्या झाकणावर बर्फाच्या चांदण्या छापलेल्या असतात: एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. विजेच्या बचतीचे जे तारांकित लेबल दुकानात दिसते त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. एका चांदणीच्या कप्प्यात मांस आठवडाभर, दोनच्या कप्प्यात महिनाभर ठेवावे. खऱ्या उणे १८ अंशांत चिकनचे तुकडे नऊ महिन्यांपर्यंत आणि मटण सहा महिने सहज चांगले राहते. खिमा आणि कलेजी मात्र तीन-चार महिन्यांत संपवावी. आपला कप्पा कोणता हे कळत नसेल तर महिन्याभराचाच हिशोब धरावा.

पाकिटे एका वेळच्या भाजीपुरती, पाव किंवा अर्ध्या किलोची करावीत. अन्नासाठीच्या जाड पिशवीत मांस घालून ती ओट्यावर ठेवावी, हाताने दाबून बोटभर जाडीची सपाट करावी, तोंडाकडे सरकवत आतली हवा काढावी आणि मगच पिशवी बंद करावी. सपाट पाकीट लवकर गोठते, त्यामुळे मांसात बर्फाचे मोठे स्फटिक होत नाहीत आणि वितळताना त्याचा रस कमी जातो. शिवाय ते वितळतेही लवकर. पिशवीत हवा राहिली तर मांसावर कोरडे, करडे-पांढरट डाग पडतात. ते डाग अपायकारक नसतात, फक्त तेवढा भाग चिवट लागतो. पाकिटावर तारीख आणि मांसाचा प्रकार मार्करने लिहावा. गोठलेल्या अवस्थेत चिकनचा खिमा आणि मटणाचा खिमा ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही.

बकरी ईदच्या दिवशी या साऱ्याची खरी कसोटी लागते. घराचा, नातलगांचा आणि गरजूंचा असे वाटे झाल्यावर जे उरते तेही बरेच असते आणि ते अजून कोमट असते. कोमट मांसाचा ढीग एका पातेल्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला तर बाहेरचा थर थंड होतो, पण ढिगाच्या पोटात कित्येक तास उष्णता टिकते. अशा मांसाचे मोठे तुकडे ताटांत एका थरात पसरून फ्रिजमध्ये ठेवावेत, त्यांच्या वर दुसरे काही रचू नये आणि त्या दिवसापुरते दूध, पाणी, शीतपेये बाहेर काढून जागा मोकळी करावी. हे मांस लगेच गोठवण्याची घाईही करू नये. कापल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि पुढे पुन्हा सैल होतात. आखडण्याआधीच गोठवलेले मांस वितळताना आकसते आणि कितीही शिजवले तरी चिवट राहते. एक रात्र फ्रिजमध्ये थंड होऊ द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पाकिटे करून गोठवावे. एकाच वेळी सगळी पाकिटे फ्रीझरमध्ये ठासण्यापेक्षा ती अंतराने लावावीत, आणि जागा कमी पडत असेल तर शेजाऱ्यांच्या फ्रीझरची मदत निःसंकोच मागावी.

वितळवण्यासाठी पाकीट आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवणे हा उत्तम मार्ग आहे. घाई असेल तर न गळणारी पिशवी गार पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्धा किलो मांस साधारण तासाभरात सुटते आणि मग ते लगेच शिजवावे. सकाळी ओट्यावर काढून ठेवून संध्याकाळी कामावरून आल्यावर शिजवणे सर्वांत वाईट, कारण आतला भाग गोठलेलाच असताना बाहेरचा थर दिवसभर खोलीच्या तापमानात पडून असतो. फ्रिजमध्ये वितळलेले मांस एक-दोन दिवसांत पुन्हा गोठवले तर चालते, चव थोडी उतरते. बाहेर किंवा पाण्यात वितळलेले मांस शिजवल्याशिवाय पुन्हा गोठवू नये.

एकदारी फ्रिजचा बर्फ वितळवायचा असेल तर तो बाजाराच्या आदल्या दिवशी, फ्रीझर रिकामा असताना वितळवावा. मांसाची पाकिटे आत ठेवून बटण दाबले की ती अर्धवट वितळतात, कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर पुन्हा गोठतात, आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यानंतर कच्चे मांस शिजवून टाकावे, आणि ते थंडाव्याबाहेर दोन तासांहून जास्त राहिले असेल तर टाकून द्यावे. मोठा, गच्च भरलेला स्वतंत्र डीप फ्रीझर अठ्ठेचाळीस तास तग धरू शकतो, पण बर्फाच्या छोट्या कप्प्याकडून ती अपेक्षा ठेवू नये. गणपतीला किंवा मे महिन्यात घर बंद करून गावी जाताना वाटीत पाणी गोठवावे, त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्येच ठेवावी. परत आल्यावर नाणे बर्फावर असेल तर ठीक. ते तळाला जाऊन वर बर्फ जमला असेल तर मागे कधीतरी वीज बराच वेळ गेली होती आणि फ्रीझरमधले सगळे वितळून पुन्हा गोठले आहे.

खराब मांस वासाने ओळखता येते, पण चांगले मांस वासाने ओळखता येत नाही. आंबूस वास, बोटाला तार येईल असा चिकटपणा, हिरवट झाक दिसली तर शंका घेण्याचे कारणच उरत नाही. मात्र आजारी पाडणारे जंतू वास येण्याइतके वाढण्याआधीच अपाय करू शकतात, म्हणून तारीख उलटलेले मांस वास घेऊन किंवा चाखून ‘पास’ करू नये. चांगले उकळले की सगळे मरते, असेही म्हणता येत नाही. स्टॅफिलोकोकस या जंतूने मांसात सोडलेले विष कुकरच्या शिट्ट्यांनंतरही टिकू शकते. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा वयोवृद्ध माणूस असेल तर या बाबतीत काटकसर करू नये.

फ्रिजमध्ये मांसाचे पाणी सांडलेच तर कप्पा बाहेर काढून गरम पाणी व साबणाने घासावा, कोरडा करून मगच बसवावा, आणि त्याखाली उघडे असलेले कच्चे खाण्याचे पदार्थ टाकून द्यावेत. पुसायला घेतलेले फडके इतर भांड्यांना लावू नये. टाकायचे मांस कागदात गुंडाळून, पिशवीची गाठ मारून फ्रीझरच्या एका कोपऱ्यात ठेवावे आणि घंटागाडी आली की ते पिशवीतून काढून ओल्या कचऱ्यात द्यावे. रात्रीच बाहेर ठेवले तर कुत्री-मांजरे ते जिन्यात ओढतात.